खिशातली चुकलेली नाणी

तोआ पायोहमध्ये राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. खालच्या फूड सेंटरमध्ये कोपी घेतली, सुटे परत आले. त्यातल्या एका नाण्यावर सिंगापूरच्या राजचिन्हाऐवजी कुणा राजाचा चेहरा! म्हटलं, टांकसाळीची चूक आपल्या हाती लागली, आता नशीब उघडलं. दोन दिवस ते नाणं पाकिटात वेगळं जपलं. मग ऑफिसमधल्या चिनी मित्राला दाखवलं तर तो हसत सुटला. ते ब्रुनेईचं नाणं होतं. १९६७ सालच्या करारानुसार ब्रुनेई आणि सिंगापूर यांची चलनं बरोबरीच्या दराने एकमेकांत बदलता येतात, त्यामुळे तिकडच्या सुलतानाची स्वारी अधूनमधून इकडच्या सुट्ट्यात हजेरी लावते. मलेशियाही त्या करारात होता, तो १९७३ साली बाहेर पडला.

ही फजिती आठवायचं कारण म्हणजे साताऱ्याहून आलेला काकांचा फोन.

"अरे, माझ्याकडे दोन रुपयाचं एक नाणं आहे. छाप पार एका बाजूला सरकलाय. एक जण साडेचार लाख देतो म्हणतोय. तू इंजिनियर ना, सांग खरं आहे का?"

"काका, आधी नाणं कॅमेऱ्यासमोर धरा."

नाणं कसं पाडतात ते आधी बघू, म्हणजे चुका आपोआप कळतात. पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापतात. एकेक चकती दोन ठशांच्या मधे येते, भोवती पोलादी कडं असतं, आणि वरून दाब बसतो. चकती कापताना पत्रा नीट पुढे सरकला नाही तर आधीच्या भोकाचा चंद्रकोरीसारखा घास नाण्यातून कमी होतो. चकती कड्यात नीट बसली नाही तर छाप सरकतो. एक ठसा जागेवर फिरला तर मागची बाजू तिरकी उमटते. आणि पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा येते. आपल्याकडचे संग्राहक अशा नाण्याला 'लाखी' म्हणतात.

आता खरं-खोटं ओळखायचं कसं? नियम एकच: चूक टांकसाळीत झालेली हवी, नंतर नाही. दोन नाणी शिकंज्यात दाबूनही उलटी प्रतिमा उठते, पण तेव्हा मूळ छाप चेपून सपाट होतो. तासलेल्या कडेवर कानशीचे ओरखडे भिंगातून दिसतात. घास गेलेल्या खऱ्या नाण्यात घासाच्या बरोबर समोरची कडही बहुधा अशक्त उठलेली असते, कारण तिथे दाब पुरा पडत नाही. ही खूण घरी कानस चालवणाऱ्याला सहसा साधत नाही. शिवाय सोनारी काट्यावर वजन करावं, चुंबक लावून बघावं. सिंगापूरची १९८५ च्या मालिकेतली वीस सेंटची नाणी चुंबकाला चिकटत नाहीत, २०१३ च्या मालिकेतली चिकटतात, कारण ती मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. हे माहीत नसलं तर दोन्ही खरी नाणी शेजारी ठेवून माणूस एकाला खोटं ठरवायचा.

काकांचं नाणं मला तरी खरं वाटलं. एका बाजूला कोरी चंद्रकोर, समोरच्या बाजूला छाप कापलेला, ओरखडा कुठे नाही. काकांना हुरूप आला. त्यांनी आजोबांच्या डबीतली शिवराई काढली. "हिच्यावर 'श्री राजा शिव' मधला 'श्री' अर्धाच आहे. ही पण चुकलेलीच ना?"

नाही! शिवराई हातोड्याने ठोकून पाडायचे. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान आणि वेडावाकडा. पूर्ण मजकूर उमटलेली शिवराई हीच नवलाई. जिथे प्रत्येक नाणं वेगळं, तिथे चूक कशाला म्हणणार? यंत्राने सगळी नाणी सारखी केली, तेव्हा कुठे चुकलेल्या नाण्याला किंमत आली.

आणि गंमत बघा, सिंगापूरचे डॉलरही एकेकाळी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडले जात. १९०३ साली स्ट्रेट्स सेटलमेंट्सने स्वतःचा चांदीचा डॉलर काढला. त्यावर मुंबईची खूण म्हणून बारीक इंग्रजी 'बी' अक्षर आहे, काही नाण्यांवर उठावाचं, काहींवर खोलगट. तीही चूक नव्हे, फक्त प्रकार.

मग किंमत येते कशाने? चूक ठळक हवी, दुर्मीळ हवी आणि ती हवीशी वाटणारी माणसं हवीत. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याची रचना बदलली आणि सन मागच्या बाजूवरून पुढे आणला. काही नाण्यांना मात्र पुढचा ठसा जुना आणि मागचा नवा लागला, त्यामुळे सन कुठेच नाही! तिथली टांकसाळ जगप्रसिद्ध, बातमी पेपरात आली, तरीही लोक देतात ते काही दशक पौंड. मग साताऱ्यातल्या दोन रुपयाला साडेचार लाख कोण देणार? एखाद्या जाणत्या संग्राहकाने हजारभर रुपये दिले तरी सौदा चांगला म्हणायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "अरे, मी नोंदणीचे बावीसशे भरलेत. आता रिझर्व्ह बँकेचा कर म्हणून साडेनऊ हजार मागतायत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अर्धा तास नाणं तपासत बसलो होतो, तपासायचा होता तो गिऱ्हाईक. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही. काकांना १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. साडेनऊ हजार वाचले, बावीसशे अजून आलेले नाहीत.

तुमच्याही घरी अशी डबी असेल. जरूर उघडा, भिंग घेऊन बसा, मुलांनाही बसवा. पण नाणं घासू नका, चिंचेने तर मुळीच नाही, त्याने असलेली किंमतही जाते. आणि कुणी लाखांची भाषा करून आधी हजार मागितले, तर डबी बंद करा आणि फोनही.

काकांनी ते दोन रुपयाचं नाणं विकलं नाही. शिवराईशेजारी ठेवलंय. म्हणतात, "बावीसशेला पडलंय, आता जपायला नको?"