महाविद्यालयीन खेळाडूंचे उत्तरायुष्य आणि लोकस्मृती : खाशाबा जाधव यांच्या निमित्ताने

प्रस्तावना

महाविद्यालयासाठी खेळलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर पुढे काय करतो, हा प्रश्न आपल्याकडील इतिहासलेखनाने फारसा विचारलेला नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून भरते. तेथील चाहते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूंची नावे घेऊन कोण शिक्षक झाला, कोणी व्यवसाय केला, कोण अकाली गेला याची उजळणी करीत असतात. असा आठवण ठेवणारा वर्ग आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. तो कुस्तीच्या आखाड्याभोवती आहे, कबड्डी आणि खो-खोच्या मैदानाभोवती आहे. मात्र त्याच्या आठवणी महाविद्यालयाच्या दप्तरात क्वचितच उतरतात. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी व स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या उदाहरणावरून या आठवणींचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. खाशाबांना लोक विसरले, असे नेहमी म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. लोक त्यांना विसरले नाहीत. पण १९५२ नंतरची त्यांची बत्तीस वर्षे लोकांनी आणि संस्थांनीही एका वाक्यात गुंडाळली.

तालीम आणि महाविद्यालय

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय १८८० चे, तर राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ चे. एकाच शहरात उच्च शिक्षण आणि कुस्ती या दोन्हींना राजाश्रय मिळाला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. शिकलेला मल्ल ही कल्पना तेथे कोणाला विसंगत वाटण्याचे कारण नव्हते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा कोल्हापूर संस्थानच्या मदतीने गेले. लाल मातीत तयार झालेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा सराव नव्हता, तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. (याच दिवसांत जालना निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद मुक्त होण्यास अजून काही आठवडे अवकाश होता. मराठवाड्यातील महाविद्यालये पुढेही काही वर्षे उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली राहिली; मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. आपल्या भागातील महाविद्यालयीन क्रीडा परंपरेचा शोध घेताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.)

प्राचार्यांचे घर

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची कथा सर्वपरिचित आहे. निवड चाचणीत अन्याय झाल्याची तक्रार खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे नेली, फेरलढत मिळाली आणि ती जिंकून त्यांनी संघात स्थान मिळवले. पुढे प्रश्न पैशाचा आला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, अशी हकिकत सांगितली जाते. गावकरी व परिचितांनीही यथाशक्ती हातभार लावला. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात खाशाबांना कांस्यपदक मिळाले. जपानचे शोहाची इशी सुवर्णपदकाचे आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह रौप्यपदकाचे मानकरी ठरले.

परतल्यावर कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. लोकस्मृतीतील सर्वांत ठळक चित्र हेच. आजही गोळेश्वर-कराड परिसरात पदकाच्या आधी बैलगाड्यांचा आकडा सांगितला जातो, आणि यात नवल नाही. हेलसिंकीची लढत कोणी पाहिली नव्हती. मिरवणूक पाहिली होती. आठवण ठेवणारा आपण जेथे हजर होतो तेथूनच आठवण सांगू लागतो.

परंतु या कथेचा एक उत्तरार्ध आहे आणि तो मिरवणुकीइतका सांगितला जात नाही. पदक घेऊन आल्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांतून आलेल्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले आणि घर सोडवले, असे त्यांचे चरित्र सांगणारे नमूद करतात. ऑलिंपिक पदकविजेत्याचे पदकानंतरचे पहिले मोठे काम कर्जफेड हे होते. खर्डेकरांच्या औदार्याची गोष्ट आपण प्राध्यापक मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि ती तशी सांगण्याजोगीही आहे. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे, हेही योग्यच. मात्र इतिहासाचा पुरावा म्हणून पाहिले तर ही हकिकत औदार्याइतकीच अभावाचीही साक्ष देते. एखाद्या विद्यार्थ्याला स्पर्धेस पाठवण्यासाठी संस्थेच्या तिजोरीत काही नव्हते, शासनाची मदत पुरेशी नव्हती, म्हणून एका व्यक्तीचे घर गहाण पडले.

‘पुढे ते पोलीस खात्यात गेले’

खाशाबांविषयीच्या बहुतेक लेखनात हे वाक्य येते आणि लगेच १९८४ चा अपघात येतो. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. बढती मात्र फार उशिरा मिळाली. १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले, असेही नोंदले गेले आहे. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि पदकाकडे जाणारी जेमतेम चार-पाच वर्षे. आपल्या स्मरणात हे प्रमाण नेमके उलटे आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या ज्योतदौडीत त्यांना सहभागी करून घेतले होते, हेदेखील अनेकांना ठाऊक नसते. ‘उपेक्षित’ हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले. ते खोटे नाही, पण त्या विशेषणाने त्यांचे कामाचे आयुष्य झाकले गेले. ठाण्यात बसणारा अधिकारी, नवोदितांना डाव सांगणारा प्रशिक्षक, कुटुंब चालवणारा गृहस्थ अशी त्यांची रूपे शिल्लक राहिली नाहीत. विजेता आणि वंचित ही दोनच राहिली.

राज्यसंस्थेला आठवण झाली तीही टप्प्याटप्प्याने. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या पदकाची चर्चा देशभर झाली. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर दिला गेला. २०१० मध्ये दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव मिळाले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस २०२४ पासून महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. संजय दुधाणे यांच्यासारख्या क्रीडा पत्रकाराने त्यांचे चरित्र लिहून बरीच सामग्री एकत्र केली. हे काम महाविद्यालयीन इतिहास विभागांबाहेर झाले, हे येथे नमूद केले पाहिजे.

जालना जिल्ह्याच्या संदर्भात

हा सर्व वृत्तांत पश्चिम महाराष्ट्राचा असला तरी प्रश्न आपल्याही दाराशी आहे. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला झाली; त्या वेळी जालना याच जिल्ह्यात होते. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात भरली आणि बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून गदा पटकावली. ती लढत पाहिलेले प्रेक्षक, पंच आणि स्पर्धेत उतरलेले महाविद्यालयीन मल्ल आज आपल्या आसपासच आहेत.

महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या स्वयंअध्ययन अहवालात क्रीडा पारितोषिकांची संख्या मागील पाच वर्षांपुरती मागितली जात आली. त्या चौकटीत पदक मोजले जाते, खेळाडू पाच वर्षांनंतर मोजणीतून बाहेर पडतो. जिमखान्याच्या काचेच्या कपाटातील ढालींवर वर्ष आणि स्पर्धा असते, संघातील मुलांची नावे पुष्कळदा नसतात. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने खेळाडूंना शासकीय सेवेत पाच टक्के आरक्षण मिळाले. १९५५ च्या तुलनेत हा मोठाच बदल होय. परंतु या तरतुदीतून आपल्या जिल्ह्यातील किती माजी विद्यार्थी नोकरीस लागले, नोकरीत त्यांचा खेळ टिकला की सुटला, जे लागले नाहीत ते शेतीत गेले की बियाणे व पोलाद उद्योगांत, याची माहिती प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या जुन्या संघांपासून सुरुवात करून गोळा करता येईल. शारीरिक शिक्षण संचालकांकडील प्रवेशिका, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे निकाल, स्थानिक दैनिकांचे अंक आणि मैदानाच्या कडेला उभे राहून खेळ पाहिलेल्या माणसांच्या मुलाखती ही त्याची साधने आहेत. यांपैकी शेवटच्या साधनाला वयाची मर्यादा आहे. १९७० च्या दशकात आंतरमहाविद्यालयीन सामने पाहणारी मुले आज सत्तरीच्या आसपास आहेत.