पागडी ते हेवी डिपॉझिट : पावती नसलेल्या पैशाचा इतिहास

आमच्या घरी एका लोखंडी ट्रंकेत आजोबांच्या भाडेपावत्यांचा गठ्ठा आहे. डोंगरीतल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, दरमहा साडेसात रुपये, खाली मालकाच्या मुनीमाची सही. खोली घेताना आजोबांनी दादीचे दागिने मोडून पागडी दिली होती. त्या पैशाचा मात्र एकही कागद या गठ्ठ्यात नाही. तो कधी नव्हताच.

हे आठवायला कारण घडलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने चार लाख रुपये ‘हेवी डिपॉझिट’ देऊन घर घेतलं. भाडं द्यायचं नाही, दोन वर्षांनी पैसे परत, असा व्यवहार. तीन महिन्यांनी दारात एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, घर माझं आहे, भाडं थकलंय. ज्याला मालक समजून पैसे दिले, तो स्वतःच त्या घराचा भाडेकरू निघाला. तोवर त्याचा फोन बंद झाला होता. “सर, करार केला होता ना!” विद्यार्थी म्हणत होता. करार होता, पण फक्त नोटरीचा शिक्का मारलेला.

ही फसवणूक मोबाईलच्या जमान्यात जन्मली असं आपल्याला वाटतं. खरं तर तिची मुळं शंभर वर्षं जुनी आहेत.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, पण जेवढी घरं गेली तेवढी गरिबांना परवडतील अशी उभी राहिली नाहीत. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली, तेव्हा 1918 मध्ये सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आणला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पुन्हा निर्बंध आले. मग आला 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याने जुन्या घरांचं भाडं साधारणपणे 1 सप्टेंबर 1940 रोजी जे होतं तिथेच बांधून टाकलं.

हेतू चांगला होता. या कायद्यामुळे लाखो कष्टकरी शहरात टिकले, माझे आजोबाही त्यांतलेच. पण भाडं गोठलं तरी घरांची टंचाई वाढतच होती. फाळणीनंतर निर्वासित आले, तशी ती आणखी वाढली. जे भाड्यात मिळत नव्हतं ते मालकाने एकरकमी, हातोहात घ्यायला सुरुवात केली. तीच पागडी. कायद्याने पागडी घेणं गुन्हा ठरवलं होतं, म्हणून तिची पावती नसे. आणि पावती नाही म्हणून फसलेल्याच्या हातात पुरावा नसे. एकच खोली दोघांना कबूल केली, तर दुसऱ्याने काय दाखवायचं?

पुढे 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक धास्तावले. घर बंद ठेवू पण भाड्याने देणार नाही, असं म्हणू लागले. अकरा महिन्यांचा करार रूढ झाला, कारण वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलं नाही, असं म्हटलं. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. या कायद्याने पागडीसारख्या रकमेलाही मान्यता दिली.

याच कायद्यातलं कलम 55 आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. ऑनलाइन नोंदणीत दोन्ही पक्षांचा आधार क्रमांक, अंगठा आणि फोटो लागतो. म्हणूनच तोतया मालक नोंदणीला कधी तयार होत नाही. “खर्च कशाला, नोटरी करून टाकू” हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबावं.

आता थोडं कडू बोलतो. आपण लवकर का फसतो? मीही घर शोधत फिरलो आहे. फोनवर घर रिकामं असतं, नाव सांगितलं की पाच मिनिटांत ते ‘गेलेलं’ असतं. 1992-93 च्या दंगलींनंतर कितीतरी कुटुंबं मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली, ती हौसेने नव्हे. दहा दारांवरून परत आलेल्या माणसाला अकराव्या दारात कोणी “या, बसा” म्हणालं, की तो कागद मागायला लाजतो. ठग याच लाजेवर जगतो. तो आपलीच भाषा बोलतो, सलाम करतो, “अपने ही लोग हैं” म्हणतो. भेदभाव करणारे दोषी आहेतच, पण आपली घाई त्यांच्या माथी मारून पैसे परत मिळत नाहीत.

तेव्हा एवढं करा. मालकाच्या नावाचा ‘इंडेक्स टू’ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहा. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन घर कोणाच्या नावावर आहे ते विचारा. शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. घर बँकेकडे गहाण आहे का, ते स्पष्ट विचारा, कारण हेवी डिपॉझिट म्हणजे तुम्ही मालकाला दिलेलं विनातारण कर्जच असतं. पैसे फक्त मालकाच्या खात्यात, तेही नोंदणीच्या दिवशी द्या. घर न पाहता टोकन देऊ नका. “बदलीवर आहे, आत्ता येऊ शकत नाही, क्यूआर स्कॅन करा” असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, तो पाठवायलाच लागतो. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर कळवा.

कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे मानतात. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सूरह बकराच्या 282 व्या आयतीत सविस्तर सांगितलं आहे. कुरआनातली ती सर्वांत मोठी आयत. मग लाज कसली?

वर्गात मी मुलांना दोन शब्द शेजारी लिहून दाखवतो. ‘पावती’ आला पावणे, म्हणजे पोचणे यावरून. ‘रसीद’ आला फारसी रसीदनवरून, त्याचाही अर्थ पोचणे. दोन्ही भाषा एकच सांगतात : कागद हातात आला, तरच पैसा पोचला. विद्यार्थ्याने पोलिसांत तक्रार दिली आहे. चार लाखांचं काय होईल, ते मी त्याला सांगू शकलो नाही.