आधी माग, मग चोर

रहस्यकथेचे घटक एका हाताच्या बोटांवर मोजता येतात: गुन्हा, संशयित, धागेदोरे, चकवा आणि उलगडा. खरी गंमत त्यांच्या क्रमात आहे. धागे आधी हाती लागतात, नाव नंतर कळतं. एडगर ॲलन पोने १८४१ साली ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’मध्ये हा क्रम बसवला. मराठीत रहस्यकथेची चटक घरोघरी लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी, हजाराहून जास्त पुस्तकं लिहून.

पण आपल्याकडे हा क्रम छापील गोष्टींच्या आधीपासून होता. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम सांगितलंय. चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचं आणि तिथून तो पुढच्या गावच्या जागल्याकडे सोपवायचा. ‘माग काढणं’, ‘मागोवा घेणं’ हे आपले शब्दही पावलांवरूनच आलेत.

वऱ्हाडात माग वाचण्यात फासेपारध्यांचा हात धरणारा क्वचितच. नावातच फास आहे आणि पारधही. अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत उमटलेलं पाऊल कशाचं, कधीचं, कुठं निघालेलं, हे कळल्याशिवाय फास कुठे लावणार? इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्गने १९७९च्या एका निबंधात शेरलॉक होम्सच्या पद्धतीचं मूळ थेट शिकाऱ्यापर्यंत नेलं. त्या हिशेबाने पारधी हा डिटेक्टिव्हचा पूर्वज ठरतो.

इतिहासाने मात्र त्याला संशयित केलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. सुरुवातीला तो उत्तरेकडे लागू झाला, १९११नंतर देशभर पसरला. एखादी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, माणसांची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, फिरण्यावर बंधनं घालायची. पारध्यांसारख्या अनेक समाजांवर हा शिक्का बसला. इथे गोष्टीचा क्रमच उलटा झाला: नाव आधी ठरलं, गुन्हा नंतर शोधला गेला.

रॉनल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला एक आज वाचताना खटकतो: कथेत चिनी माणूस नको. पण त्यामागे कारण होतं. तेव्हाच्या स्वस्त थरारकथांत खलनायक म्हणून चिनी माणूस हमखास असायचा. जातीवरून गुन्हेगार ओळखता आला, तर वाचकाने डोकं चालवायचं कशाला?

तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कागदावर या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. तरीही कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्याकडे वळते, ही पारध्यांची तक्रार आजही ऐकू येते. पुस्तकातला डिटेक्टिव्ह असं वागला, तर आपण ते दुसऱ्याच पानावर मिटवू. बातमी वाचताना मात्र संशयिताचं आडनाव दिसलं की आपलं समाधान होतं. माग कुठून कुठे गेला, हे विचारायचं राहूनच जातं.