पावती आणि पाणी

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत वडिलांनी घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या आहेत. त्यांना सहीपुरतेच अक्षर येते. पण पावतीचा कागद त्यांनी कधी हरवू दिला नाही. गावात नळ आले ते आमच्या वस्तीत सर्वांत शेवटी. पट्टीची मागणी मात्र कधी उशिरा आली नाही. वर्गात स्थानिक स्वराज्य संस्था शिकवताना मला ती पेटी आठवते. अंदाजपत्रक म्हणजे रुक्ष आकडे, असे विद्यार्थी समजतात. आपल्या चळवळीचा इतिहास निराळे सांगतो.

जोतीराव फुले १८७६ साली पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद झाले. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ३२ सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. मंडईच्या भव्य इमारतीवरील खर्चालाही त्यांनी असाच विरोध केला. इमारत झाली, १८८६ साली उघडली, आणि आज तिला त्यांचेच नाव आहे! नाव देणे व्यवस्थेला परवडते. खर्चाचा क्रम बदलणे तिच्या जिवावर येते.

जोतीरावांनी विचारलेला प्रश्न पुढे पाण्यापर्यंत पोहोचला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. 'सार्वजनिक पैसा' या दोन शब्दांत ठरावाचे सारे बळ होते. शास्त्र काय म्हणते, हा वादच त्याने बाजूला सारला आणि तिजोरी कुणाची, एवढेच विचारले.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी शिफारस बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये पुढे आणली. नुसत्या ठरावाने कुणाचे काही बिघडत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. सनातन्यांनी १०८ घागरींनी तळे 'शुद्ध' केले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. मग सनातनी कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा काय? तळे खासगी आहे! सार्वजनिक म्हटले की आपला मक्तेदारीचा हक्क संपतो, हे त्यांनाही नेमके समजले होते. खासगीपणाचा दावा टिकला नाही. रूढीचा दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकालात निघाला. ओंजळभर पाण्यावरचा हक्क सिद्ध व्हायला दहा वर्षे लागली.

मित्रहो, आज आपली माणसे ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत राखीव जागांवर निवडून जातात. पण अंदाजपत्रकाच्या सभेत त्यातले किती जण तोंड उघडतात? मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायचा निधी दरवर्षी कागदावर दिसतो. तो कोणत्या गटारावर, कोणत्या दिव्यावर, कोणाच्या गल्लीत खर्ची पडला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणारा माणूस मात्र विरळा. जयंतीच्या कमानीसाठी आपण रात्रभर राबतो. त्यातली एक रात्र पंचायतीचा जमाखर्च वाचण्यासाठी काढली, तर ते जोतीरावांच्या त्या एकट्या मताचे स्मरण ठरेल.

वडिलांनी पावत्या जपल्या. त्या पावत्यांचे पाणी कुठे मुरले, हे विचारायला आपण शिकलो आहोत. आता विचारले पाहिजे.