पेटीतला मोठा रुपया

घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार सगळ्या नगर जिल्ह्याला ठाऊक आहे. कागदी नोटा रुळण्याआधी बैलजोडीचा व्यवहार चांदीच्या रुपयांत व्हायचा. म्हणूनच नेवासे तालुक्यातल्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून राणीछाप रुपये दिसतात. त्यांत एखादं नाणं भलतंच मोठं निघालं, तर आधी ते सराफाच्या काट्यावर ठेवावं. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा असतो. हा मोठा गडी 27 ग्रॅमच्या आसपास भरला, म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या किंचित वर, तर तो स्पेनचा आठ रियाल असू शकतो.

त्याचं कूळ स्पॅनिश अमेरिकेतलं. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात 1545 मध्ये चांदी सापडली. मेक्सिकोतली टांकसाळ त्याआधीच सुरू झाली होती. या दोन्हीकडची चांदी सेव्हिल, लिस्बनमार्गे गोव्याला यायची, तांबड्या समुद्रातून सुरतेला यायची आणि आकापुल्कोहून पॅसिफिक ओलांडून मनिलामार्गे आशियात पसरायची. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही मसाले आणि कापड घ्यायला हेच रियाल भरून निघत. हिंदुस्थानात चांदीचं उत्पादन नगण्य होतं, कापसाचं कापड मात्र जगाला हवं होतं.

पण मुघल अमलात परकी नाणं बाजारात चालत नसे. सुरतेला उतरलेले रियाल टांकसाळीत वितळत आणि रुपये होऊन बाहेर पडत. त्यामुळे अख्खा रियाल देशावरच्या पेटीत सापडणं दुर्मीळच. माझ्या मते खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे: पोतोसीची चांदी आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातून गेली, पण रुपयाच्या रूपात.

तरी अख्खं नाणं असेलच, तर ते नीट न्याहाळावं. सर्वांत जुने आठ रियाल वेडेवाकडे, हातोड्याने ठोकलेले, क्रूस असलेले. 1732 ते 1772 या काळातल्या नाण्यांवर समुद्राच्या लाटांवर दोन पृथ्वीगोल आणि दोन बाजूंना मुकुटधारी खांब. 1772 पासून राजाचा चेहरा आला. म्हणजे चेहरा आहे आणि साल 1760 असेल, तर नाणं नकली समजावं. स्पेनचा राजा कार्लोस तिसरा 1788 मध्ये वारला आणि 1789-90 ची काही नाणी त्याच्याच चेहऱ्याची, पण नाव चौथ्या कार्लोसचं, अशी निघाली. ती मात्र अस्सल. रोमन एम या अक्षरावर बारीकसा ओ दिसला की मेक्सिकोची टांकसाळ. पोतोसीच्या खुणेत पी, टी, एस ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतात. कडेकडे जरूर बघा: चेहऱ्याच्या नाण्याच्या कडेवर गोल आणि चौकोन आलटून पालटून येतात, आणि ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची जोडरेघ सापडते.

मोठं नाणं म्हणजे स्पॅनिशच, असंही नाही. 1780 साल असलेला मारिया तेरेसाचा थेलर 28 ग्रॅमचा. अरबी व्यापारात तो खूप चालला आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला. त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया असेल, तर तो 1895 पासून पाडलेला ब्रिटिश व्यापारी डॉलर. पूर्वेकडच्या बंदरांत रियाल आणि त्याचा वारस मेक्सिकन डॉलर यांची जागा घ्यावी म्हणून तो काढला होता. त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर बारीक बी दिसला की तो मुंबईचा. आपल्या मुलखात हा भेटण्याची शक्यता मला अधिक वाटते.

एवढीच विनंती: असं नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. काळेपणा हा त्याच्या वयाचा भाग आहे आणि घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी उतरते. पैंजणांसाठी ते वितळवायला देण्याआधी जाणकाराला दाखवा, आणि घरात ते कोणाकडून आलं हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा.