दुपटे
दुपटे : तान्ह्या मुलास गुंडाळण्यासाठी व त्याच्याखाली अंथरण्यासाठी, जुन्या मऊ वस्त्राचे पदर एकावर एक ठेवून हाताने शिवलेले लहान पांघरूण. दुहेरी पदरावरून हे नाव पडले असून, महाराष्ट्रातील गोधडीशी (पहा : गोधडी) त्याचे निकटचे नाते आहे. वारंवार धुतल्याने खळ निघून गेलेले सुती लुगडे अथवा धोतर कोवळ्या त्वचेस बोचत नाही व ओल चटकन शोषते, म्हणून कोऱ्या कापडापेक्षा तेच पसंत करतात. पदर जमिनीवर ताणून, प्रथम कच्चे टाके घालून, मग कडेने धावदोरा घालीत मध्याकडे येतात, आणि दोऱ्याची गाठ बाळाच्या अंगास लागू नये म्हणून ती पदरांच्या आत दडवितात; त्यातच शिवणारीच्या हाताची खरी पारख होते. बाळंतविड्यात (पहा : बाळंतविडा) झबली-टोपड्यांबरोबर दुपटीही देतात.