हेरल्डला ग्रीस चालत नाही

हेरल्ड ही गाडी वाईट, तिचं पुढचं चाक कधी दगा देईल सांगता येत नाही, हे पुण्यातल्या गॅरेजांमधून मी पोरवयापासून ऐकत आलो. दगा द्यायची हे खरं. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट, आणि पुढे पौड. या रस्त्यावर एका अंगाला कललेली, चाक आत मुडपलेली हेरल्ड मी स्वतः उचलून आणलेली आहे. पण दोष गाडीचा नव्हता. दोष आम्हा मेस्त्री लोकांच्या ग्रीस गनचा होता, आणि तो कुठून आला हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९२८ पासून तिथे गाड्या जोडल्या जायच्या. सरकारने ठरवलं की नुसत्या जोडणीवर भागणार नाही, गाडी इथेच बनवा, आणि १९५४ साली तो कारखाना गाड्यांना मुकला. फोर्डचंही तेच झालं. उरल्या तिघी: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान, कुर्ल्याची वालचंदशेठची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. बाहेरून गाडी आणणं सामान्य माणसाला जवळपास बंद झालं. एमजी, ट्रायम्फ असल्या दोन सीटच्या गाड्या ज्यांच्याकडे आधीपासून होत्या त्यांच्याकडेच राहिल्या, नाहीतर वकिलातीतल्या साहेबाची बदली झाली की एखादी विकायला निघायची. बाकीच्या हौशी लोकांनी काय करायचं? त्यांच्यासाठी मद्रासच्या स्टँडर्डची हेरल्ड.

तिला कुणी स्पोर्ट्स गाडी म्हणणार नाही. पण विलायतेत १९६२ साली ट्रायम्फने स्पिटफायर काढली ती हेरल्डचीच चासी आखूड करून. म्हणजे स्पिटफायरची ही थोरली बहीण, फक्त संसाराला लागलेली. दोघींचं रूप जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने काढलेलं. हेरल्ड विलायतेत १९५९ ला आली, मद्रासला १९६१ पासून बनू लागली. तिकडे इंजिन वाढत ११४७ सीसी झालं, मग १२९६. आपल्याकडे मात्र शेवटपर्यंत तेच ९४८. तरी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे हेरल्ड पळायच्याच.

मेस्त्रीसाठी ही गाडी म्हणजे सुख. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. पुढच्या टायरवर बसायचं आणि इंजिन मांडीवर घेतल्यासारखं काम करायचं. फियाटच्या बॉनेटमध्ये वाकून वाकून ज्यांची कंबर गेली त्यांना विचारा.

आता ते चाक. हेरल्डला फियाटसारखी किंगपिन नाही. एक उभा पोलादी लिंक असतो, त्याच्या खालच्या टोकाला आटे, आणि ते आटे पितळी ट्रनियनमध्ये बसतात. स्टिअरिंग फिरवलं की पोलाद पितळेत फिरतं. डावा-उजवा वेगळा, आटेसुद्धा उलट-सुलट. या जोडाला कंपनीने सांगितलं होतं गिअर ऑइल, नव्वद नंबरचं. ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, वरच्या वर आळून बसतं, पावसाचं पाणी मात्र आत शिरतं. पोलाद गंजतं, आट्याच्या वरच्या कडेला बारीक चीर पडते, आणि एक दिवस वळणावर लिंक कटकन तुटतो.

हे पुस्तकात छापलेलं होतं. पण पुस्तक इंग्रजीत, मालकाच्या कपाटात. गॅरेजातली विद्या हातातून हातात आलेली, आणि ते हात हिंदुस्थानच्या अँबॅसिडर आणि प्रीमियरच्या फियाटवर बसलेले. त्या गाड्यांना निपल दिसला की ग्रीस मारायचं, हा धर्म. नाना पेठेत मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर लावून, दुसरं टोक कानाशी धरून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचे. तेही हेरल्डला ग्रीसच मारायचे. एका रिटायर कर्नलसाहेबांनी हँडबुक आणून ते पान मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा वस्ताद जरा गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘पोरा, एक गन धुऊन काढ. लाल रंग मार तिला. हिच्यात फक्त ऑइल.’’ तशी लाल गन आजही माझ्या भिंतीवर असते. शंभर गॅरेजांत मात्र ते पान कुणी वाचलं नाही, आणि बदनाम झाली गाडी.

दुसरं बदनाम अंग मागचं. एकच आडवा पाटा, त्याला दोन्हीकडे झुलणारे अर्धे अॅक्सल. वळणावर घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला की मागचं चाक पोटाखाली शिरतं आणि गाडी शेपूट टाकते. ट्रायम्फने १९७० च्या स्पिटफायरमध्ये पाट्याची बांधणी बदलून हे बरंच आटोक्यात आणलं. आपल्याकडच्या मालकाला उपाय एकच: ताम्हिणी घाटाच्या वळणात शिरण्याआधी वेग कमी कर, वळणात पाय हलवू नको. गिअर टाकताना मागून ‘टक्’ आवाज आला तर अॅक्सलचा क्रॉस गेला समजा. तो बदलायला स्वस्त, न बदलला तर महाग.

घाटाने आम्हाला रोगनिदान शिकवलं. उन्हाळ्यात पौडपुढच्या माले गावाच्या चढाला गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपसूक चालू होते. लोक म्हणतात, पेट्रोलमध्ये कचरा. कचरा नसतो. दोन संशयित असतात आणि दोघेही गरम झाल्यावरच बिघडतात. आधी पेट्रोल पंपाची काचेची वाटी बघायची. बुडबुडे दिसले तर पेट्रोलची वाफ झाली. ओलं फडकं पंपावर टाकायचं, खालचा छोटा दांडा हाताने मारून वाटी भरायची, निघायचं. वाटी भरलेली असेल तर प्लगची वायर काढून ठिणगी बघायची. पिवळी, मेलेली ठिणगी म्हणजे कॉइल नाहीतर कंडेन्सर. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडून बघा, तोंडं जळून त्यांवर खड्डा आणि टेकाड झालं असेल तर कंडेन्सर फेका. पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फिलर गेज नसला तर काडेपेटीचा पुठ्ठा घालून गाडी घरापर्यंत आणणारे आम्हीच.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. मुळशीचा पाऊस आडवा येतो, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. रात्री दिवे बंद करून बॉनेट उघडा, टोपीवर निळ्या ठिणग्या पळताना दिसतील. टोपीला केसाएवढी काळी रेघ असेल तर पुसून उपयोग नाही, टोपीच बदलायची.

बदलायची, पण आणायची कुठून? जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढिगारे उपसायचे, नाहीतर टर्नरकडे जायचं. पितळी ट्रनियन आम्ही लेथवर करून घेतलेले आहेत. उलटे आटे पाडणारा टर्नर सापडला की त्याला चहा पाजून धरून ठेवायचं. पार्ट बदलणं ही चैन होती, पार्ट घडवणं हा धंदा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि हा धंदा हळूहळू बसला. त्याचं मला फार दुःख नाही. मारुतीने रस्त्यात रात्र काढणं बंद केलं, ते गिऱ्हाइकाला हवंच होतं.

आता रविवारी पहाटे पुण्याच्या महागड्या गाड्या ताम्हिणीकडे जातात. त्यांचं दुखणं स्क्रीनवर उमटतं, मला त्यातलं कळत नाही. पण जुन्या हेरल्डला लोक परत शोधू लागलेत, एखादी स्पिटफायरही येते. रंग, क्रोम, हूड सगळं झकपक असतं. मी आधी पुढचं चाक जॅकवर घेतो, वर-खाली धरून हलवतो आणि मालकाला ब्रेक दाबायला सांगतो. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, त्याला उपाय आहेत. खेळ तसाच राहिला तर खाली बघायचं: ट्रनियनच्या वरच्या सीलजवळ तेलाचा ओलावा असेल तर ठीक. वाळकं, कडक ग्रीस दिसलं तर मी चावी मालकाला परत देत नाही, टेम्पो बोलावतो.